‘घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा’: म्हणीचा अर्थ आणि मूळ कसे शोधावे

एखाद्या मराठी म्हणीचे मूळ विचारले, की उत्तरादाखल बहुधा एक गोष्ट सांगितली जाते. गोष्टीत एखादा पेशवा असतो, एखादी लढाई असते, नाही तर चतुर शेतकरी आणि मूर्ख सावकार असतात. आणि ती गोष्ट म्हणीला इतकी नेमकी बसते, की ती खरी आहे का, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही. प्रत्यक्षात अशा पुष्कळ गोष्टी म्हण रूढ झाल्यानंतर, ती समजावून सांगण्याच्या हौसेपोटी रचल्या गेलेल्या असतात. म्हणून मूळ शोधणाऱ्याने सुरुवात म्हणीच्या शब्दांपासून करावी आणि गोष्ट सर्वांत शेवटी तपासावी, असे माझे मत आहे. ही पद्धत कशी वापरायची हे दाखवण्यासाठी येथे ‘घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा’ ही एकच म्हण घेतली आहे. ती ठसकेबाज आहे, तिच्यात इतिहासातले एक मोठे नाव आहे, आणि त्या नावामुळेच तिच्या मुळाबद्दल चुकीची उत्तरे चटकन सुचतात.

म्हण उतरवून घेणे

पहिले काम म्हणीची जितकी रूपे मिळतील तितकी जशीच्या तशी लिहून घेण्याचे आहे. म्हण सांगणारा माणूस ती प्रमाण मराठीत सुधारून सांगतो, आणि लिहून घेणारा आणखी थोडी सुधारतो. या दुहेरी दुरुस्तीत नेमका उपयोगाचा तपशील हरवतो. वऱ्हाडात ‘मला’चे ‘मले’ होते आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, त्यामुळे तिथे कानावर पडेल ते ‘दाना’ आणि ‘म्हना’ असेच लिहावे. हा खटाटोप केवळ हौसेचा नाही. एखाद्या म्हणीचे यमक एका बोलीत जुळत असेल आणि दुसऱ्या बोलीत मोडत असेल, तर ती म्हण पहिल्या बोलीत घडली असण्याची शक्यता वाढते. आपल्या म्हणीत मात्र ‘दाणा–म्हणा’ आणि ‘दाना–म्हना’ ही दोन्ही यमके सारखीच जुळतात, म्हणजे यमकाच्या आधारावर तिचा प्रांत ठरवता येत नाही. असा नकारात्मक निष्कर्षही लिहून ठेवावा, कारण पुढे कोणी ठामपणे ‘ही अमुक जिल्ह्याची म्हण’ असे सांगू लागले, तर तो कामी येतो.

म्हण पूर्ण आहे का, हेही याच टप्प्यावर पाहावे. बोलताना आपण म्हणीचा अर्धाच भाग वापरतो आणि उरलेला ऐकणाऱ्याने ओळखायचा असतो. ‘कामापुरता मामा’ म्हणणाऱ्या अनेकांना त्यापुढची ‘ताकापुरती आजी’ ठाऊक नसते. त्याबरोबर सांगणाऱ्याचे वय, गाव आणि व्यवसाय यांची नोंद करावी. स्त्रियांकडून म्हण मिळाली असेल, तर सासरच्या गावाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाने, माहेरचे गाव विचारावे. म्हणी लग्नाबरोबर गावे बदलतात, आणि कोल्हापूरच्या घरात ऐकलेली म्हण प्रत्यक्षात सोलापूरकडची असू शकते.

प्रश्न कसा विचारावा, हे सर्वांत महत्त्वाचे. ‘या म्हणीचा अर्थ काय?’ असे विचारले, तर माणूस शाळेतल्यासारखे उत्तर देतो आणि पाठ्यपुस्तकातला अर्थ परत मिळतो. त्याऐवजी ‘तुम्ही हे कोणाला म्हणता?’, ‘तोंडावर म्हणता का?’, ‘कोणी तुम्हाला असे म्हणाले तर राग येईल का?’ असे विचारावे. अर्थ वापरात असतो आणि तो या प्रश्नांनीच बाहेर येतो.

अर्थ बारकाईने लावणे

‘ऐपत नसताना मोठेपणाचा आव आणणे’ असा या म्हणीचा अर्थ सर्वसाधारणपणे दिला जातो. तो चूक नाही, पण तेवढ्यावर थांबले तर या म्हणीत आणि तिच्या आसपासच्या चार म्हणींत काही फरक उरत नाही. म्हणून अर्थ लावताना शेजारच्या म्हणी समोर मांडाव्यात आणि कोणती कुठे चालत नाही, ते पाहावे. ‘बडा घर पोकळ वासा’ या म्हणीत घर खरोखरच मोठे असते. पोकळपणा आतला असतो आणि तो बाहेरच्याला उशिरा कळतो. ‘नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा’ या म्हणीत विसंगती नाव आणि परिस्थिती यांच्यातली आहे, पण ते नाव सोनूबाईने स्वतः मागून घेतलेले नाही, त्यामुळे तिच्याविषयीच्या हसण्यात थोडी कणवही मिसळलेली असते. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण बहुधा ज्ञानाच्या किंवा कर्तृत्वाच्या बढाईला लावली जाते, धान्याच्या कणगीला नव्हे.

आपल्या म्हणीचे वेगळेपण तिच्या शेवटच्या क्रियापदात आहे. ‘म्हणा’ हे आज्ञार्थी रूप आहे, आणि ते आदरार्थी किंवा अनेकवचनी असल्यामुळे गावाला, चारचौघांना उद्देशून आलेले आहे. म्हणजे म्हणीचा पहिला अर्धा भाग पाहणाऱ्याच्या तोंडचा, आणि दुसरा अर्धा भाग त्या फुशारकी मारणाऱ्या माणसाच्याच तोंडचा आहे. सहा-सात शब्दांत दोन पात्रे बोलून जातात. हा माणूस मोठा असल्याचे नुसते दाखवत नाही, तर इतरांनी आपल्याला तशी हाक मारावी, अशी मागणी करतो. थट्टा त्या मागणीची आहे. म्हणून घरात खरोखर धान्य नसलेल्या, पण कोणाकडून मानाची अपेक्षा न करणाऱ्या माणसाला ही म्हण लावणे चुकीचे ठरते, आणि ऐकणाऱ्यालाही ते क्रूर वाटते. म्हण बहुधा पाठीमागे वापरली जाते. तोंडावर वापरली तर ती भांडणाची सुरुवात असते.

‘दाणा’ या शब्दाकडेही एकदा पाहून घ्यावे. पैसा, सोने किंवा जमीन यांपैकी काहीही न घेता म्हणीने धान्य घेतले आहे. ज्या घरात वर्षाची ज्वारी-बाजरी साठवून ठेवणे हीच सुस्थितीची खूण होती, त्या घराच्या नजरेतून ही म्हण बोलते. शेतकरी समाजातली ही मोजणी आहे, दरबारी नव्हे. आणि हे लक्षात ठेवले तर पुढे ‘बाजीराव’ या नावाशी गाठ पडल्यावर आपण फार वाहवत जात नाही.

स्थिर काय, बदलते काय

आता सर्व रूपे एकाखाली एक लिहावीत. ‘घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा’ याबरोबर ‘घरात नाही दाणा आणि हवालदार म्हणा’ हेही रूप मिळते. ‘आणि’, ‘अन्’, ‘मला’ हे शब्द कधी येतात, कधी गळतात. या सगळ्यांत न हलणारा भाग कोणता, ते अधोरेखित करावे. ‘घरात नाही दाणा’ आणि शेवटचे ‘म्हणा’ ही चौकट पक्की आहे. मधली मानाची जागा मात्र बदलते. म्हणजे बाजीराव हे या म्हणीचे मूळ नसून, तिच्यातल्या एका जागेवर बसलेले एक नाव असू शकते.

या ठिकाणी मात्रा (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाच्या दोन) मोजून पाहाव्यात, असे मी सुचवेन. ‘बाजीराव’ या शब्दात दोन, दोन, दोन आणि एक अशा सात मात्रा होतात. ‘हवालदार’ या शब्दात एक, दोन, एक, दोन आणि एक अशा सातच होतात. अक्षरे चार आणि पाच अशी निराळी असली, तरी तोल तोच राहतो, म्हणून एक शब्द काढून दुसरा घातला तरी जिभेला अडखळत नाही. तोंडी परंपरेत शब्दांची अदलाबदल कानाच्या संमतीने होते, आणि ती संमती कुठे मिळते हे असे मोजून दाखवता येते. मात्र दोन्हींपैकी कोणते रूप आधीचे, हे मात्रांवरून सिद्ध होत नाही.

बदलत्या शब्दावरून काळ लावणे

म्हणीत व्यक्तीचे नाव, हुद्दा, नाणे किंवा माप आले असेल, तर त्यावरून काळाची एक कड मिळते. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ या म्हणीत सोळा आण्यांच्या रुपयाची पद्धत गृहीत आहे. ती १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आल्यावर मागे पडली. म्हण त्यानंतर टिकली, पण घडली त्याआधी, असे मानायला हरकत नाही. याच रीतीने बाजीरावाचे रूप १७२० च्या आधीचे असणे संभवत नाही, कारण पहिले बाजीराव त्या वर्षी पेशवे झाले. शिवाय एखादे नाव खेड्यापाड्यांत मोठेपणाची खूण होण्यासाठी थोडा काळ जावा लागतो. एवढी एक कड आपल्या हाती येते, आणि ती फक्त या रूपाची असते, संपूर्ण म्हणीची नव्हे, हे विसरू नये.

हवालदाराचे प्रकरण अधिक मनोरंजक आहे, कारण तिथे शब्द तोच राहिला आणि त्याची किंमत उतरली. शिवकाळात किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे प्रमुख अधिकारी असत आणि किल्ला हवालदाराच्या ताब्यात असे. त्याच काळात घोडदळात पंचवीस स्वारांवर एक हवालदार असे, म्हणजे तेव्हाही या हुद्द्याचे वजन जागेनुसार कमी-अधिक होते. पुढे इंग्रजांच्या फौजेत हवालदार हा सार्जंटच्या बरोबरीचा, म्हणजे शिपायांच्या वरचा पण अधिकाऱ्यांच्या खालचा हुद्दा ठरला, आणि आज हा शब्द उच्चारताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस चौकीतला हवालदार उभा राहतो. किल्लेदाराइतका मान मागणारा भुकेकंगाल माणूस आणि चौकीतल्या हवालदाराइतका मान मागणारा भुकेकंगाल माणूस यांच्यात बराच फरक आहे. दुसऱ्याची हाव लहान आणि म्हणून अधिक केविलवाणी आहे. हुद्द्याची किंमत घसरल्यावर त्या जागी न घसरणारे नाव घालावे, असे बोलणाऱ्यांना वाटले असेल आणि म्हणून बाजीराव आले असतील, ही माझी अटकळ आहे. ती अटकळ म्हणूनच लिहावी.

कोणता बाजीराव?

येथे दोन गोष्टी सहज सुचतात. पहिले बाजीराव स्वाऱ्यांच्या खर्चामुळे कर्जात असत आणि आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी त्याबद्दल वैतागून लिहिले आहे. तेव्हा पराक्रम मोठा पण तिजोरी रिकामी, यावरून म्हण आली असे कोणी सांगेल. दुसरे बाजीराव १७९६ मध्ये गादीवर आले, जून १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी जॉन माल्कमला शरण गेले आणि कानपूरजवळ बिठूर येथे राहून १८५१ मध्ये वारले. तेव्हा राज्य गेले आणि नाव राहिले, यावरून म्हण आली असे आणखी कोणी सांगेल.

या दोन्ही गोष्टी म्हणीच्या शब्दांसमोर टिकत नाहीत. दुसऱ्या बाजीरावांना वर्षाला आठ लाख रुपयांचा तनखा होता, म्हणजे त्यांच्या घरात दाणा नव्हता असे म्हणणे हास्यास्पद आहे. पहिल्या बाजीरावांचे कर्ज खरे असले, तरी ते फौजेचे कर्ज होते. त्याहून निर्णायक मुद्दा असा, की म्हणीतला माणूस बाजीराव नाहीच. तो बाजीराव म्हणवून घेऊ पाहणारा कोणी दुसराच आहे. त्यामुळे बाजीरावांच्या चरित्रात म्हणीचे मूळ शोधणे म्हणजे वाक्याचा कर्ता चुकीचा धरणे होय. ‘कोण मोठा बाजीराव लागून गेलास?’ असे आपण आजही म्हणतो, तेव्हा पहिला की दुसरा हा प्रश्न बोलणाऱ्याच्या मनात नसतो. विशेषनामाचे सामान्यनाम झालेले असते, आणि म्हणीत ते त्याच अवस्थेत आलेले आहे.

शेजारच्या भाषेत डोकावणे

मराठीतच थांबले तर निम्मा पुरावा हातचा जातो. हिंदीत ‘घर में नहीं दाने, अम्मा चली भुनाने’ अशी म्हण आहे. घरात दाणे नाहीत आणि बाई मात्र ते भाजून घ्यायला भडभुंज्याकडे निघाली आहे. पहिला अर्धा भाग जवळजवळ शब्दशः आपलाच आहे, यमकाची जागाही तीच आहे, आणि उपहासाचा विषयही पोकळ दिखावाच आहे. यावरून असे दिसते, की ‘घरात दाणा नाही’ हे सूत्र मराठीपुरते मर्यादित नाही. त्याला जोडलेला मानाचा, हाक मारून घेण्याचा उत्तरार्ध मात्र मराठीने स्वतःच्या समाजातून घेतलेला आहे. हिंदीतून मराठीत आले की मराठीतून हिंदीत गेले, हे निव्वळ साम्यावरून ठरवू नये. दोन्ही भाषांचा संपर्क शतकानुशतकांचा आहे, आणि फौजा, व्यापारी, यात्रेकरू यांच्याबरोबर म्हणी दोन्ही दिशांनी हिंडलेल्या आहेत.

कधी कधी शेजारची भाषा गोष्टीच्या बाजूनेही साक्ष देते, हे मान्य केले पाहिजे. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ या म्हणीसंदर्भात वसुदेवाने गाढवाचे पाय धरल्याची कथा सांगितली जाते. तेलुगूत तर ‘वसुदेवासारख्यानेही गाढवाचे पाय धरले’ या अर्थाची म्हण वसुदेवाचे नाव घेऊनच रूढ आहे. म्हणजे ती कथा मराठी म्हणीसाठी कोणी अलीकडे रचलेली नसून, निदान दोन भाषांत पसरलेली आहे.

कोशांतला शोध

छापील पुराव्यासाठी मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७), मॅनवेरिंगचा १८९९ चा म्हणींचा संग्रह, आणि दाते-कर्वे यांचे महाराष्ट्र शब्दकोश व महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश हे आधी पाहावेत. मोल्सवर्थ आणि दाते यांचे कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शोधता येतात. म्हण पहिल्या शब्दाखालीच असेल असे धरून चालू नये. ‘घर’, ‘दाणा’, ‘बाजीराव’, ‘हवालदार’ या चारही शब्दांखाली पाहावे.

एक अडचण नवख्या शोधकाला हमखास येते. जुन्या लेखनात ‘घरांत नाहीं दाणा’ असे अनुस्वार असत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढून टाकले. संगणकावर नव्या लेखनाने शोधले, तर जुनी नोंद समोर असूनही सापडत नाही, आणि आपण ‘कोशात नाही’ असे लिहून मोकळे होतो. म्हणून दोन्ही लेखनांनी शोधावे. सापडलेल्या सर्वांत जुन्या छापील नोंदीचे वर्ष म्हणजे म्हणीच्या जन्माचे वर्ष नव्हे. त्या वर्षी ती नक्की होती, एवढेच त्यातून सिद्ध होते.

मग गोष्ट तपासावी

आतापर्यंत बाजूला ठेवलेल्या गोष्टी या टप्प्यावर उचलाव्यात आणि त्यांतली तारीख, गाव, माणूस यांपैकी जे तपासता येईल ते तपासावे. ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार पानिपतावरून आला असे हमखास सांगितले जाते, कारण लढाई १४ जानेवारीला झाली आणि संक्रांतही १४ जानेवारीला येते. पण संक्रांतीची इंग्रजी तारीख स्थिर नाही. ती सुमारे ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. त्या हिशेबाने १७६१ मध्ये संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती. लढाईचा दिवस तेव्हाच्या लोकांच्या लेखी पौष शुद्ध अष्टमी होता, चौदा जानेवारी नव्हे. पंचांगात संक्रांत ही वाहनावर बसून येणारी देवता मानलेली आहे आणि ती जे धारण करील त्याला ते वर्ष वाईट, अशी समजूत आहे. वाक्प्रचाराचे सरळ मूळ तिथे असताना पानिपतापर्यंत जाण्याची गरज नाही. ‘पानिपत होणे’ या वाक्प्रचाराला मात्र ती लढाईच कारण आहे, आणि तिथे शंका घेणे हा निव्वळ हट्ट होईल.

‘ध चा मा करणे’ याची गत मधली आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला हे निश्चित आहे, आणि वाक्प्रचार त्या घटनेकडेच बोट दाखवतो. पण आनंदीबाईंनी ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, हा तपशील इतिहासकारांत वादाचा आहे. अशा वेळी वाक्प्रचार कथेवरून आला असे लिहावे, घटनेवरून आला असे लिहू नये.

नोंद लिहिणे

शेवटी लिहिताना विधानांचा दर्जा भाषेतच दिसू द्यावा. या म्हणीची माझी नोंद साधारण अशी होईल: ‘ऐपत नसताना इतरांकडून मोठ्या मानाची मागणी करणाऱ्याची थट्टा. पूर्वार्धाचे सूत्र हिंदीतही आढळते. मानाच्या जागी बाजीराव किंवा हवालदार. बाजीरावाचे रूप १७२० नंतरचे. नाव सामान्यनामासारखे वापरले आहे, कोणत्याही एका पेशव्याच्या चरित्राशी संबंध दिसत नाही. कोणते रूप आधीचे ते अनिर्णित.’ या नोंदीखाली म्हण कोणी, कुठे, कोणाबद्दल वापरली ते लिहावे. जात किंवा स्त्री यांना हिणवणाऱ्या म्हणी संग्रहात येतातच. त्या गाळू नयेत, पण कोण कोणाला म्हणत असे हे त्यांच्याबरोबर न लिहिल्यास नोंद अर्धवट राहते.

नोंदीखाली जागा मोकळी सोडावी. मानाच्या जागी आज कोणी ‘साहेब’, ‘शेठ’ किंवा एखादा नवा हुद्दा घालून ही म्हण बोलला, तर तेही रूप तारीख आणि गाव घालून त्याच पानावर उतरवावे.